न विचारण्याच्या अटीवर

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. जेमतेम तीन ओळी, पण अक्षर तुझंच. "लिहायचं तर लिही. पण मला काही विचारायचं नाही. एक जरी प्रश्न आला तरी त्यापुढची पत्रं न उघडता परत पाठवीन."

अट मान्य आहे. तुला चौकीत विचारलं, कोर्टात विचारलं, तुरुंगाच्या दवाखान्यात विचारलं, आणि सुटून घरी आलास की उरलंसुरलं आई आणि मी विचारायचो. जाण्याआधी तू म्हणाला होतास, "या घरात माझ्याशी कोणी पूर्णविराम देऊन बोलतच नाही." मला तेव्हा राग आला होता, कारण वाक्य चांगलं होतं आणि माझ्यावर होतं. आता मी पूर्णविरामच देणार. जिचं पोट प्रश्न विचारण्यावर चालतं तिला हे म्हणजे सुताराला करवतीशिवाय खाट करायला सांगण्यासारखं आहे, पण जमवीन. पत्रं परत यायला लागली तर माझ्याकडे तुझं काहीच उरणार नाही, हे मला नीट कळतं.

आमच्या धंद्यात एखादी गोष्ट माहीत नसली की ती गृहीत धरतात आणि तसं खाली बारीक अक्षरात लिहून मोकळे होतात. मीही धरते. तुला चष्मा लागला आहे, असं मी धरते. तू सकाळी लवकर उठतोस. तुझ्या खोलीला एक तरी खिडकी आहे, आणि ती रस्त्यावर उघडते. तू ते सोडलेलं आहेस. यातलं काही चुकत असेल तर दुरुस्त करायची तुझ्यावर सक्ती नाही.

तू गेलास त्यानंतरचं थोडक्यात सांगते. आई गेल्याचं तुझ्या वकिलांनी तुला कळवलं होतं. तुझा पत्ताही त्यांनीच दिला, खूप आढेवेढे घेऊन. त्यांच्यावर रागावू नकोस. कॉलेजातली संख्याशास्त्राची नोकरी मी केव्हाच सोडली. तुझ्या तारखांना कोर्टाच्या बाकावर बसून मला मोजायची सवय लागली होती: कोणाला आत पाठवतात, कोणाला सोडतात, कोणाचा वकील येतच नाही. तुझा पुकारा होईपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नसायचं. त्यातून पहिला लेख झाला, लेखातून पहिलं काम आलं, आणि बघता बघता मी अमली पदार्थ, पोलीस, कोर्ट आणि तुरुंग या विषयांतली जाणकार झाले. एखादी योजना चालते की नुसती दिसते, ते तपासून सांगायचं. सरकारी खातं बोलावतं, मी जाते, मोजते, अहवाल देते, अहवाल कपाटात जातो आणि मी पुढच्या कामाला लागते.

तुझ्या खोलीत आता माझं ऑफिस आहे. दारावर 'स्वतंत्र सल्लागार' अशी पाटी आहे. आई म्हणायची, स्वतंत्र म्हणजे जिला कोणी नोकरीवर ठेवत नाही ती. 'या विषयाकडे कशा वळलात' असं प्रत्येक परिषदेत कोणीतरी विचारतंच. मी म्हणते, योगायोगाने. भाऊ होता, असं मी कुठेही सांगितलेलं नाही.

तुझी,
ताई


२ जानेवारी

प्रिय धाकट्या,

मागचं पत्र परत आलं नाही. म्हणजे तुझा पत्ता बरोबर आहे. मला तेवढं पुरे आहे.

नवीन काम मिळालंय, त्याबद्दल लिहिते. तुला काही विचारायचं नाही म्हटल्यावर कामच उरतं, आणि तसंही माझ्याकडे दुसरं आहे काय. (हा प्रश्न नव्हता. बोलायची पद्धत आहे.)

तर असं आहे. खिशात थोडीशी पावडर सापडलेल्या माणसाला तुरुंगात टाकण्याऐवजी इथलं एक कोर्ट आता उपचार केंद्रात पाठवतं. केंद्र लहान आणि माणसं जास्त, म्हणून न्यायाधीशांसमोर चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी निघाली तो केंद्रात. नाही निघाली त्याने दंड भरायचा आणि दर आठवड्याला चौकीत हजेरी लावायची. वर्षाच्या शेवटी मी बघायचं की दोन्हींतलं कोण पुन्हा पकडलं गेलं आणि तपासणीत कोणाचं काय निघालं. केंद्रातल्यांचं जास्त बरं झालं असेल तर केंद्र राहणार. नाही तर बंद. तुझ्या वेळी असं काही नव्हतं. असतं तर तुझी चिठ्ठी निघाली असती की नाही, याचा मी फार विचार करत बसत नाही, असं स्वतःला बजावलंय.

खात्यातल्या साहेबांना मी मनातल्या मनात 'एकपानी' म्हणते. विषय कितीही मोठा असो, ते म्हणतात, "मॅडम, एका पानात द्या." माणूस वाईट नाही, फक्त त्याला सगळ्याची घाई आहे. केंद्र चालवतात त्या डॉक्टरीणबाई. दणकट बांधा, बारीक कापलेले केस, जीभ फटकळ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाई, काय मोजायचं ते मोजा. पण माझ्या माणसांच्या मागेमागे फिरू नका. त्यांच्याकडे आधीच सगळं जग बघत असतं." म्हणून केंद्रातल्या माणसांना मी सुरुवातीला एकदा भेटले आणि शेवटी एकदा भेटणार. मधलं सगळं केंद्राच्या नोंदींवरून.

घोर मला दुसऱ्या गटाचा आहे, ज्यांची चिठ्ठी निघाली नाही त्यांचा. ते कोणाच्याच ताब्यात नाहीत. फोन बदलतात, खोली सोडतात, दिसेनासे होतात. अशा माणसांना आमच्याकडे 'गळती' म्हणतात. शब्द नळाचा, पण वापरतात माणसांसाठी. गळती वाढली की सगळा अभ्यास पाण्यात जातो. ठरलं असं होतं की ऑफिसातून कोणीतरी त्यांना फोन करायचे. मी म्हटलं, फोन नको, मी जाईन. दर महिन्याला, प्रत्येकाच्या दारात, फक्त पत्ता पक्का करायला.

"तुम्ही स्वतः?" एकपानी म्हणाले. "या वयात?"

मी म्हटलं, या वयात कोणी दुसरं थोडंच माझ्यासाठी जाणार आहे. त्यांना वाटलं, बाई कष्टाळू आहे. खरं तेवढंच आहे की मला माणूस हरवलेला सहन होत नाही. का, ते तुला सांगायची गरज नाही.

तुझी,
ताई


२१ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

पत्र परत आलं नाही.

माझ्या फेऱ्या चालू आहेत. नाव लिहायचं नाही हा आमचा नियम, म्हणून एकाला रंगारी म्हणते. घरं रंगवतो. त्याची स्वतःची खोली मात्र गेल्या कित्येक वर्षांत कोणी रंगवलेली नाही. दाराच्या मागच्या भिंतीवर तो उरलेले रंग पुसून बघतो, त्यामुळे तेवढ्या जागी लोकांच्या दिवाणखान्यांचे आणि बाथरूमचे सगळे रंग एकाशेजारी एक लागलेत. मी त्याला म्हटलं, ही भिंत घरातली सगळ्यात श्रीमंत. तो म्हणाला, "मॅडम, सगळं दुसऱ्याचं आहे." दुसरी एक बाई लाँड्रीत कामाला आहे. तिथल्या यंत्रांच्या आवाजात आम्ही दोघी ओरडून बोलतो. पत्ता तोच आहे ना, हे मी ओरडते. हो, तो कुठे पळतोय, हे ती ओरडते.

खरं म्हणजे काम पाच मिनिटांचं आहे. पत्ता बरोबर, फोन बरोबर, सही. पण दारात उभं राहून सही घेऊन निघणं बरं दिसत नाही. मग मी बसते. 'कसं चाललंय' म्हणते. आमच्या शिकवणीत याला ओळख वाढवणं म्हणतात आणि ते थोडक्यात आटपावं असंही सांगतात. माझं थोडक्यात आटपत नाही. चहा येतो, बशीत काहीतरी येतं, मग माणूस सुरू होतो. मुकादमाने कसं फसवलं, बहिणीचा नवरा कसा आहे, गुडघा केव्हापासून दुखतो. मी ऐकते. मला कुठेच जायची घाई नसते.

मागच्या फेरीला रंगारी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बसला होता. म्हणाला, "काल पोरं बोलवत होती. म्हटलं, आज नको. उद्या मॅडम यायच्यात." मी हसले आणि पत्ता तोच का म्हणून विचारलं. त्याचं ते वाक्य लिहून घेतलं नाही. कागदावर त्याला जागा नव्हती.

लाँड्रीवालीने माझ्या चपला बघून मला झापलं. "ही काय चप्पल आहे? घरी बघणारं कोणी आहे की नाही तुमचं?" मी म्हटलं, प्रश्न मी विचारायचे असतात, तुम्ही नाही. ती खो खो हसली. घरी आल्यावर मला ते बोलणं पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. माझी गंमत म्हणून चांगलं होतं, पण मी तिला उत्तर दिलं नव्हतं.

फेऱ्यांचा आठवडा संपला की पुढचे दिवस मोठे होतात. दुकानदार, एकपानी आणि जिन्यात भेटणारे शेजारी सोडले तर माझं कोणाशी सलग बोलणं होत नाही. परवा सकाळपासून पहिला शब्द मी संध्याकाळी बोलले, आणि तो 'पिशवी नको' हा होता. आवाज बसलेला निघाला. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. एकटं राहायची मला सवय आहे, असं मी म्हणत असते.

तिकडे आता उकाडा कमी झाला असेल असं धरते. तुझ्या जेवणाचं कोण... नाही. ते वाक्य प्रश्नाकडे वळत होतं. तू वेळेवर जेवतोस, असं धरते.

तुझी,
ताई


२० जानेवारी

प्रिय धाकट्या,

वर्ष संपलं, फेऱ्या संपल्या. गेल्या आठवड्यात प्रत्येकाला सांगून आले की ही माझी शेवटची भेट. लाँड्रीवालीने यंत्र बंद केलं. एवढी शांतता मी तिथे पहिल्यांदा ऐकली. मग म्हणाली, "म्हणजे आता पत्ता बदलला तरी चालेल." मी म्हटलं, चालेल. तिने यंत्र पुन्हा चालू केलं आणि माझ्याकडे पाठ केली. रंगाऱ्याने नुसतं बरं म्हटलं आणि मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला, जे तो आधी कधी करत नसे.

गळती जवळजवळ नाही. या क्षेत्रात अर्धी माणसं टिकली तरी लोक पाठ थोपटतात. माझी बोटांवर मोजण्याइतकीच सुटली, आणि त्यातला एक नोकरीसाठी दुसरीकडे गेला, ती काय गळती नव्हे. मला फार अभिमान वाटला. कोणाला तरी सांगावंसं वाटलं आणि घरात कोणी नव्हतं, म्हणून एकपानींना फोन केला. ते म्हणाले, "वा. तक्त्यात टाका."

त्यानंतर मी तापाने पडले. विशेष काही नाही, शेवटच्या फेरीपासून खोकला होताच, त्यात थंडी वाजून ताप. अंथरुणात पडल्या पडल्या लक्षात आलं की मी उठले नाही तर ते कळायला कोणाला कारणच नाही. काम संपलेलं, अहवालाला अवकाश. तशी सगळ्यांची यादी माझ्याकडे होती, कोण कुठे राहतं आणि कोणाला कसं शोधायचं याची. माझी कोणाकडे नव्हती. ताप उतरल्यावर हे सगळं जरा नाटकी वाटलं, तरी लिहिते, कारण खोटं नव्हतं.

तुझी प्रकृती ठणठणीत आहे असं धरते. हे मी जरा जोर लावून धरते.

तुझी,
ताई


६ मार्च

प्रिय धाकट्या,

निकाल लागला. फरक नाही.

केंद्रातली माणसं सुधारली. केंद्राबाहेरची, ज्यांना काहीच मिळालं नाही ती माणसं, तेवढीच सुधारली. मी आकडे उलटे लावून पाहिले, सुलटे लावून पाहिले. दोन्ही गटांत पुन्हा पकडले गेलेले सारखेच. केंद्र असलं काय आणि नसलं काय, कागदावर सारखंच.

एकपानी खूश झाले. इतकं सरळ उत्तर त्यांना आजवर कोणी दिलं नव्हतं. "याला अर्धं पानसुद्धा पुरेल," म्हणाले. केंद्राची इमारत दुसऱ्या एका कार्यालयाला हवीच होती. माझ्या सहीचा अहवाल महिनाअखेर गेला की केंद्राला टाळं.

काल डॉक्टरीणबाई घरी आल्या. फोन न करता. तुझ्या खोलीत, म्हणजे माझ्या ऑफिसात, त्या बसल्या आणि मसुदा मांडीवर घेतला.

"हे खरं आहे?"

"आकडे खरे आहेत."

"बाहेरच्यांना काय मिळालं होतं?"

"काही नाही. दंड आणि चौकीत हजेरी."

"हजेरीने माणूस सुधारत असता तर मी हे दुकान मांडलंच नसतं." त्या पानं उलटत गेल्या. एका तक्त्यापाशी थांबल्या. "ही गळती? एवढी कमी? कशी काय राखलीत?"

मला, खरं सांगते, बरं वाटलं. कोणीतरी ते पाहिलं. मी म्हटलं, "दर महिन्याला मी स्वतः जात होते. पत्ता पक्का करायला."

"आणि किती वेळ बसायचात?"

"पत्त्याला कितीसा वेळ लागतो."

"मी ते विचारलं नाही. तुम्ही किती वेळ बसायचात?"

मी म्हटलं, तासभर. कधी जास्त. चहा आला तर उठवत नाही.

त्यांनी कागद खाली ठेवले आणि हसल्या. चांगलं हसू नव्हतं ते. "म्हणजे तुम्हीही उपचार करत होतात, बाई. मी डॉक्टर ठेवले, परिचारिका ठेवल्या, स्वयंपाकघर चालवलं, सगळा संसार मांडला. आणि तुम्ही निम्मं औषध खांद्याच्या पिशवीत घालून घरोघर वाटत फिरलात. आता तुमच्या त्या पिशवीपायी माझं केंद्र बंद होणार."

मी चिडले. म्हटलं, याला पुरावा लागतो. कोणाच्या घरी चहा पिणं म्हणजे उपचार नव्हे. त्या उठल्या. "पुरावा तुम्ही आणायचा. मोजायचं काम तुमचं आहे," म्हणाल्या आणि गेल्या. कप तसाच भरलेला होता.

मला त्या चुकीच्या ठरायला हव्या होत्या. त्या बरोबर असतील तर माझं ज्या गोष्टीसाठी कौतुक व्हायचं तिनेच माझा अभ्यास नासवला. दूध नासू नये म्हणून मीच त्यात सारखी बोटं बुडवून बघत होते.

तुझी,
ताई


२८ मार्च

प्रिय धाकट्या,

काल कोर्टात गेले होते, नवीन अटकांच्या नोंदी बघायला. डॉक्टरीणबाईंना खोटं पाडायचं होतं, हे मी लपवत नाही. आणि बाहेरच्या बाकावर रंगारी बसला होता. शेजारी शिपाई.

मला बघून तो उठायला लागला, शिपायाने बसवलं. दाढी वाढलेली. डोळे मला ओळखीचे होते, तुझ्यामुळे.

"मॅडम," तो म्हणाला, "मागच्या महिन्यात आला नाहीत."

"मी सांगितलं होतं ना, शेवटची भेट म्हणून."

"सांगितलं होतं. लक्षात होतं माझ्या." तो बोटांवरचा वाळलेला रंग खरवडत होता. "तरी त्या दिवशी कामाला गेलो नाही. म्हटलं, आल्याच आणि कुलूप दिसलं तर परत जायच्या. थोडा वेळ बाहेर उभा राहिलो." मग घाईने म्हणाला, "तुमचा दोष नाही हो. त्याच्यामुळे काही मी... नाही. माझंच डोकं फिरलं." आणि मग, "तुमचा खोकला गेला का?"

मला रडू आलं. तुझ्या एकाही तारखेला मी कोर्टात रडले नव्हते. आईला सांभाळायचं होतं. काल त्या बाकावर बसून रडले. रंगारी घाबरून गेला. मला समजावायला लागला, "काही नाही हो मॅडम, पहिल्यासारखा दंडच होईल बहुतेक." शिपाई कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. त्याला कळेना, आरोपी कोण.

नोंदी मी पाहिल्या. फेऱ्या चालू असताना माझ्या माणसांत ज्या अटका दिसत नव्हत्या त्या फेऱ्या थांबल्यावर दिसायला लागल्या होत्या. सगळ्यांत नाही. पुरेशांत.

आज सकाळी अहवालाच्या पहिल्या पानावर, सगळ्यात वर लिहिलं: ज्या गटाला काही मिळू नये असं ठरलं होतं त्या गटाला संशोधकाने दर महिन्याला भेटून मदत केली, आणि आपण मदत करतो आहोत हे संशोधकाला कळलं नाही. या अभ्यासावरून केंद्र बंद करता येणार नाही.

एकपानींनी मला खुर्चीत बसवलं आणि दार लावलं. "मॅडम, इतक्या वर्षांचं नाव आहे तुमचं. हे छापलं तर पुन्हा कोणी बोलावणार नाही. आम्हीसुद्धा."

मी म्हटलं, माहीत आहे.

"मग तेवढं काढून टाका. दोन तर ओळी आहेत."

"तुम्हीच म्हणता, थोडक्यात द्या. अहवाल तेवढाच आहे, बाकीचं सगळं जोडपत्र."

मग त्यांनी तो स्वीकारल्याचा शिक्का मारला. शिक्का जरा जोरात मारला.

तुझी,
ताई


११ मे

प्रिय धाकट्या,

केंद्र चालू आहे. नवीन माणूस नेमून नव्याने तपासणी करायचं ठरलंय. डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. आभार वगैरे त्यांच्या स्वभावात नाहीत. म्हणाल्या, "बाई, खूप हुशार आहात आणि खूप बावळट आहात," आणि ठेवला. मला त्या आवडायला लागल्यात.

माझा फोन तेवढाच वाजला. दोन कामं यायची होती, ती आली नाहीत. दारावरची पाटी मी काढलेली नाही, पण आईची व्याख्या आता तंतोतंत लागू आहे.

लाँड्रीवालीकडे जाऊन आले. रंगाऱ्याकडेही, त्याला दंडावर सोडलं. या वेळी कागद नव्हते, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. रंगारीही अवघडला. आम्ही मुकादमाला शिव्या दिल्या, मग बरं वाटलं. मला बरं वाटलं, हे मुद्दाम लिहिते. वर्षभर मी त्यांचं मोजलं. त्या दारांतून बाहेर पडताना माझं काय होत होतं ते मोजायचं मला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तर मी ते टाळलं असतं.

आता तुझं आणि माझं.

इतके दिवस मी असं धरून चालले की तुला काही न विचारणं हाच तुझा उपचार आहे. तूच लिहून दिला होतास आणि मी तो पाळला, एक गोळीही न चुकवता. तो लागू पडतोय याला माझ्याकडे पुरावा एकच, पत्र परत येत नाही. पण पत्र परत येत नाही याचा अर्थ पत्ता बरोबर आहे, एवढाच. माणूस बरा आहे असं त्यातून निघत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याचं पान फाडून हातात दिलं असतं. चष्मा, खिडकी, वेळेवरचं जेवण, तू ते सोडलेलं असणं, हे सगळं मी बसल्या जागी तयार केलं. त्यातलं मला काहीही माहीत नाही. मी तुझ्याबद्दल नाही, माझ्या सोयीच्या एका भावाबद्दल लिहीत आले.

कदाचित तुला खरंच कोणी विचारलेलं नको असेल. चौकीत विचारतात ते आणि लाँड्रीत ओरडून विचारतात ते वेगळं, हे मला वर्षभर फिरून कळलं; तुला दुसऱ्या प्रकारचं कोणी विचारलंच नसेल तर तुला ते कळायचं कारण नाही. किंवा हेही माझं धरणंच असेल. म्हणून मी अट मोडणार आहे. पुढची पत्रं न उघडता परत येतील, हे ठाऊक असून. भीती वाटते. माझ्याकडे तुझं एवढं एकच आहे, आणि तेच मी पणाला लावतेय.

प्रश्न तयार करायला मला बरेच दिवस लागले. हसू नकोस, हा माझा धंदा आहे. प्रश्नात एका वेळी एकच गोष्ट असावी. त्याने उत्तर सुचवू नये. 'नाही' म्हणणं हे 'हो' म्हणण्याइतकंच सोपं असावं, नाही तर तो प्रश्न नसतो, हुकूम असतो. उत्तर आलं नाही तर तसं लिहून ठेवायचं, मागे लागायचं नाही. 'कसा आहेस' हा मी बाद केला, कारण त्याला सगळे 'बरा' म्हणतात आणि तूही म्हणशील. 'सोडलंस ना' हा बाद, त्यातला 'ना' पोलिसाचा आहे. 'माझी आठवण येते का' हा तर मी फाडूनच टाकला, त्यात उत्तरासाठी पसरलेला हात दिसत होता. बाकीचे सगळे प्रश्न तुझ्याबद्दलचे होते, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मला विचारायचंय ते माझ्याबद्दल आहे. तू कसाही असलास तरी त्या प्रश्नाला फरक पडत नाही. चष्मा नसला, खिडकी नसली, तू सोडलेलं नसलंस, तरीही तो तसाच्या तसा राहतो.

उत्तर 'नाही' असेल तर तेवढाच शब्द कार्डावर लिहिलास तरी चालेल. मी वाईट वाटून घेईन आणि जगेन.

मी तुझ्याकडे येऊ का?

ताई